हवालदारांची कंबर

आमच्या घरात जमिनीवर काही पडलेलं चालायचं नाही. काही म्हणजे काहीही. चप्पल, तांब्या, दप्तर, लसणीचं साल, आईच्या शिवणातली चिंधी. अंधेरीला पूर्वेच्या बाजूला एका चाळीत आमची दीड खोली होती आणि त्या दीड खोलीत बाबांनी पलटणीतली बराक वसवली होती. उठल्याबरोबर गाद्या वळून ट्रंकेवर, पांघरुणांच्या घड्या अशा की कडेला पट्टी लावून बघावी. भांडी फळीवर उंचीप्रमाणे. केरसुणीसुद्धा खिळ्याला टांगलेली. शेजारच्या बायका नव्या सुनांना मुद्दाम आमच्याकडे घेऊन यायच्या, "बघ, हवालदारांचं घर बघ आणि आपलं बघ." बाबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि मरोळच्या बाजूला एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत लागले होते. तिथले लोक त्यांना वॉचमन म्हणत असतील, चाळीत ते शेवटपर्यंत हवालदारच राहिले. मला त्यांचा फार अभिमान होता. शाळेत कोणी वडील काय करतात विचारलं की मी आधी पलटणीचं सुरू करायची, आणि गेटपर्यंत पोहोचायच्या आत घंटा झाली तर बरं असं मनात म्हणायची.

आमच्या घराची सकाळ बुटांच्या ब्रशने सुरू व्हायची. बाबा चार वाजता उठायचे, चाळ जागी व्हायच्या आत सगळं आटपायचे आणि मग बूट टेबलावर ठेवून उभ्यानं पॉलिश करायचे. आमच्या ओळखीत बूट टेबलावर ठेवणारा हा एकच माणूस. आई सुरुवातीला कुरकुरली असेल, माझ्या आठवणीत तिनं त्या टेबलावर एक जुनं गोणपाट बाबांच्या बुटांसाठी वेगळं ठेवलेलं होतं. ब्रशच्या त्या लयीत मी जागी व्हायची. मग नळाचं पाणी, मग आईचा स्टोव्ह, मग पेजेचा वास. पेज, तिच्यात मिठाचा खडा, बाजूला लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. रविवारी वर्सोव्याहून येणारी मावशी पाटी घेऊन जिन्यातच बसायची आणि बाबा खाली जाऊन मासळी निवडायचे, तिच्याशी मालवणीत भांडायचे, ती तिच्या कोळी बोलीत परत द्यायची, आणि दोघं खूश. दुपारी मासळीचं तिखलं, भात आणि सोलकढी. माझ्या शाळेच्या स्कर्टला बाबा स्वतः कोळशाची इस्त्री करायचे. त्या चुण्यांना हात लावला तर बोट कापेल असं माझ्या मैत्रिणी म्हणायच्या. असा बाप मी दुसऱ्या कोणाकडे पाहिला नाही आणि माझ्या नवऱ्यालाही हे मी अनेकदा ऐकवलं आहे.

राग मात्र त्यांचा भयंकर. बाबा मालवणीत बोलत असले की घर निवांत असायचं. हिंदीत शिरले की आई स्टोव्ह बारीक करायची. "ये क्या है? ये यहाँ किसने छोडा?" असं सुरू झालं की मी जे हातात असेल ते छातीशी धरून भिंतीला चिकटायची. एकदा दारात राहिलेल्या बादलीवरून ते इतके ओरडले की खालच्या मजल्यावरच्या माणसानं रेडिओ बंद केला. एकदा आईची बटणांची डबी कलंडली आणि बटणं खोलीभर झाली, तेव्हा बाबा घराबाहेर गेले ते दोन तासांनी परत आले. मार त्यांनी कधी दिला नाही, हे सांगितलंच पाहिजे. पण राग येऊन गेला की घरात बोलायला कोणाकडे काही उरायचं नाही. चाळीतले लोक म्हणायचे, फौजी माणूस, कडक असणारच. आई म्हणायची, स्वभाव आहे, आणि स्वभावाला औषध नाही. तिनं ते इतक्या वेळा म्हटलं होतं की मला ते एखाद्या नेमासारखं वाटायचं.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. शनिवारची दुपार होती. मी खाली पाटावर बसून अभ्यास करत होते आणि पाणी प्यायला उठले. परत येऊन पाट दाराकडे सरकवून वह्या गोळा करायला बसले तेवढ्यात बाबा ड्युटीवरून आले आणि उंबरठ्यातून पाऊल टाकतानाच त्यांचा पाय पाटाला अडला. ते पडले नाहीत, पण त्यांचं सगळं अंग एकदम आखडलं आणि तोंडातून हवा गेल्यासारखा आवाज निघाला. दुसऱ्या क्षणी त्यांनी तो पाट लाथेनं उडवला. चांगला जाड सागवानी पाट होता, आईच्या लग्नातला. तो फरशीवरून सरळ माझ्याकडे आला आणि त्याची कड माझ्या डाव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखायला नंतर लागलं.

आई किंचाळली. बाबा क्षणभर दारात होते तसेच राहिले आणि मग जे वागले ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं, कॉटवर बसवलं, माझीच लाकडी पट्टी घेतली, आईच्या शिवणातला लांब पट्टा घेतला आणि माझा हात असा बांधला की महापालिकेच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोणी बांधलं हे? असं आमच्याकडेही कोणी बांधत नाही." त्यांची बोटं जराही थरथरली नाहीत. "डोळे माझ्याकडे, चेडवा," ते म्हणत होते, "हाताकडे बघू नको. माझ्याकडे बघ." ज्यानं हात मोडला त्याच्याच तोंडाकडे बघून मला धीर आला, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही.

पुढचे आठ दिवस बाबा रागावले नाहीत. एकदाही नाही. आम्हाला बरं वाटायला हवं होतं. पण ते कामावरून यायचे आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. बुटांना पॉलिश नाही. इस्त्री नाही. रविवारी वर्सोव्याची मावशी जिन्यातून हाका मारून गेली, बाबा उतरले नाहीत. ताटात दोन घास जायचे. एका हातानं काम करताना माझ्याकडून पितळेचं ताट पडलं, सगळ्या मजल्याला ऐकू गेलं असेल, आणि बाबांनी नुसतं ताटाकडे बघितलं आणि परत भिंतीकडे मान वळवली. मला त्या नजरेची भीती वाटली तशी त्यांच्या ओरडण्याची कधी वाटली नव्हती. आई मशीनवर बसून हळूच म्हणाली, "राग बरो होतो गो. राग यायचो तेव्हा माणूस घरात तरी असायचो."

नवव्या दिवशी, रविवारी, मामा आले. आईचे थोरले भाऊ, घाटकोपरला राहायचे, गिरणी सुटल्यावर एका कापडाच्या दुकानात लागले होते. शांत माणूस. माझ्या हातावरचं प्लास्टर बघून त्यांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. बाबांशी ते नेहमी आदरानं बोलायचे, त्या दिवशीही आवाज चढवला नाही. "भावोजी," ते म्हणाले, "आज चेडवाचो हात मोडलो. उद्या काय मोडतला ता तुमकाय ठाऊक नाय. मी दोघींकय गावाक नेतंय. थंय घर आसा, शाळा आसा. तुमी रागावू नकात."

बाबांनी भिंतीकडून तोंडही वळवलं नाही. "घेवन जावा," एवढंच म्हणाले.

मला वाटलं होतं ते उठतील, हिंदीत ओरडतील, माझं घर आहे म्हणतील. ते काहीच झालं नाही. मी आईकडे बघितलं. आईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि म्हणाली, "दादा, मंगळवारपर्यंत थांब. मंगळवारी मी ह्यांका डॉक्टराक दाखवतंय. डॉक्टर म्हणालो काय दुखणा आसा, तर दुखण्याक औषध असता, ता आमी करूया. काय नाय म्हणालो तर मग तो स्वभाव. मगे मी चेडवाक घेवन तुझ्यावांगडा येतंय, परत विचारूचंय नाय." मामा मंगळवारी दुपारी येतो म्हणून निघून गेले. बाबांनी हे सगळं ऐकलं होतं. एखादा हुकूम ऐकावा तसं ऐकलं होतं. जा म्हटलं तर ते जाणार होते, पण तिथे तोंड उघडतील याची खात्री नव्हती.

डॉक्टर आईनं फार विचार करून निवडला होता. ती पार्ल्याच्या काही घरांतले ब्लाउज शिवायची, त्यातल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं की त्यांच्या गल्लीत एक म्हातारे डॉक्टर सकाळचे बसतात, सैन्यात कॅप्टन होते, सगळे त्यांना कॅप्टन डॉक्टरच म्हणतात. आईला ते देवानंच सुचवल्यासारखं वाटलं. पलटणीतला माणूस पलटणीतल्या माणसाजवळ बोलेल, असा तिचा हिशेब. आणि ती स्वतः जाणार नव्हती. बायको बाजूला असली की नवऱ्याचं तोंड शिवल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. म्हणून माझ्या हाताचं निमित्त करून मी बाबांबरोबर जायचं ठरलं. हवालदाराच्या कमरेला जुना मार आहे, एवढं त्या पार्ल्याच्या बाईनं डॉक्टरांच्या कानावर घातलं होतं.

मधल्या सोमवारी मला ते दिसलं. मी कॉटवर गणितं करत होते आणि माझी पेन्सिल घरंगळून खाली गेली. बाबा मोरीतून आले. पेन्सिल त्यांच्या पायाशी होती. ते थांबले, तिच्याकडे बघितलं, आई कुठे आहे ते बघितलं, मी वहीत डोकं घातलंय अशी खात्री केली आणि पायाच्या अंगठ्यानं पेन्सिल हळूच कॉटखाली ढकलून दिली. बाबांनी! ज्यांना लसणीचं साल खपायचं नाही त्यांनी वस्तू कॉटखाली ढकलली! मी गणित सोडून बसले आणि त्यांचे सगळे राग एकेक करून आठवायला लागले. भाकरी करपली म्हणून ते कधी रागावले नव्हते. मीठ जास्त झालं तर हसायचे. माझे मार्क कमी पडले, आईनं त्यांचा सदरा जाळला, पावसात छत्री हरवली, काही नाही. बादली, पाट, चपला, बटणं, चिंध्या. सगळा राग गुडघ्याच्या खालचा होता. जे उचलायला वाकावं लागेल त्या प्रत्येक गोष्टीवर ते ओरडत आले होते.

मी आईला सांगितलं. तिची सुई हवेतच थांबली. बाबांच्या कमरेला मार लागलेला आम्हाला माहीत होता. डोंगरात पलटणीची गाडी उलटली होती, मी तेव्हा वर्षाची होते, बाबा चार महिने हॉस्पिटलात होते आणि मग फिट होऊन परत ड्युटीवर गेले. ही गोष्ट आमच्या घरात शौर्याची म्हणून सांगितली जायची, आणि तिच्या शेवटी बाबा बरे व्हायचे. आईनं सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाली, "म्हणान चार वाजता उठतत." चाळीच्या संडासाला रांग लागायच्या आत. तिथे किती वेळ लागतो ते कोणाला कळू नये म्हणून. पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईला ते एका पेन्सिलीवरून कळलं आणि तिनं तोंड पदरात घातलं.

मंगळवारी सकाळी आम्ही पार्ल्याला उतरलो. हवेत बिस्किटांचा गोड वास होता, त्या भागात तो असायचाच. दवाखाना म्हणजे एका जुन्या बंगल्याची पुढची खोली. बाकावर पाचसहा माणसं, मध्ये फक्त अर्धा पडदा. आमचा नंबर आला. कॅप्टन डॉक्टर टेबलामागे बसले होते, पांढऱ्या मिशा, ताठ मान. आणि बाबांनी खोलीत पाऊल टाकताच टाचा जुळवून सलाम ठोकला. तेव्हाच मला कळलं की आईचा हिशेब साफ चुकला. पलटणीतला हवालदार साहेबासमोर रडगाणं गात नाही. आईनं बाबांना नेमक्या त्याच माणसापुढे उभं केलं होतं ज्याच्यापुढे ते मरेपर्यंत एकच उत्तर देणार होते.

"काय होतंय, हवालदार?"

"सब ठीक है, साहब."

"कंबर?"

"ठीक है, साहब."

"झोप? भूक?"

"ठीक है, साहब."

डॉक्टरांनी गुडघ्यावर ठोकून बघितलं, छातीला नळी लावली, पाठीवर बोटं दाबली. बाबांच्या कपाळावर घाम आला होता, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. असा माणूस तपासायचा तरी कसा! डॉक्टर कागदावर काहीतरी लिहायला लागले. दुपारी मामा येणार होते. या कागदावर काही नाही असं लिहिलं की तो स्वभाव ठरणार, आणि आई शब्दाची पक्की.

"डॉक्टर, त्यांना वाकता येत नाही," मी म्हटलं.

"लहान आहे, साहेब. काहीतरी बोलते," बाबा म्हणाले. हसून म्हणाले.

डॉक्टरांनी केसपेपर माझ्या हातात दिला. मी तो सोडून दिला. तो टेबल आणि बाबांच्या बुटांच्या मध्ये जमिनीवर पडला. मग मी माझा प्लास्टरमधला हात जरा पुढे केला आणि म्हटलं, "बाबा, मला नाही उचलता येत. द्याल?"

हे लिहिताना आजही माझे कान तापतात. पोरीचा मोडलेला हात समोर असताना बाबांना नाही म्हणता येणार नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. म्हणूनच मी तो पुढे केला. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. तरीही ते वाकले. एक हात टेबलाच्या कडेला, डावा पाय मागे, अर्ध्यापर्यंत गेले. तिथे त्यांचा श्वास अडला. गुडघा टेकला. हात कागदापर्यंत गेला, बोटांत कागद आला, आणि मग त्यांना उठता येईना. टेबल थरथरायला लागलं. मी धरायला पुढे झाले तशी त्यांनी अशी डरकाळी फोडली की पडद्यापलीकडचा बाक चिडीचूप झाला. "हट! दूर हट! आँखें फूट गई क्या? क्या देख रही है?"

कॅप्टन डॉक्टर उठले. मला वाटलं आता ते बाबांना झापणार. ते टेबलाला वळसा घालून आले, गुडघ्यांवर हात ठेवून कष्टानं खाली बसले आणि बाबांच्या शेजारी चक्क फरशीवर मांडी घातली. त्यांचा पांढराशुभ्र कोट फरशीवर पसरला. "बसा, हवालदार," ते म्हणाले, "इथे कोणी साहेब नाही. दोन म्हातारे आहेत. कधीपासून?"

बाबांनी हातातला कागद फरशीवर सपाट केला. "तेरा वर्षं," ते म्हणाले.

मग डॉक्टरांनी एकेक विचारलं आणि बाबांनी जमिनीकडे बघत उत्तरं दिली. झोप दोन तास. कूस बदलताना दात खावे लागतात. गेटवर आठ तास उभं राहणं सोपं, खुर्चीतून उठणं कठीण. आणि हल्ली, ते म्हणाले, सकाळी जाग आली की परत रात्र व्हावी असं वाटतं. हे मी ऐकू नये असं त्यांना वाटत असेल, पण मी तिथेच उभी होते. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारखे मी पुष्कळ पाहिलेत. दुखतंय म्हणायचं नाही, म्हणून माणूस ओरडतो. ओरडून दमला की भिंतीकडे बघत बसतो. घरच्यांना वाटतं माणूस वाईट आहे. माणसालाही तसंच वाटायला लागतं. कंबर पूर्ववत होईल असं मी म्हणणार नाही, पण यातलं बरंच कमी करता येतं." त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक हाडांच्या डॉक्टरांच्या नावानं, दुसरी त्यांच्या एका मित्राच्या नावानं, मनाचे आजार बघणाऱ्या. उठताना दोघांनी एकमेकांना धरलं. कोण कोणाला उठवत होतं ते सांगता आलं नसतं.

बाहेर बसस्टॉपवर बाबा दांडीला टेकून उभे राहिले. दोन बसेस गेल्या. मग म्हणाले, "कागद मुद्दाम टाकलंस."

"हो."

"दुसरी चिठ्ठी आवशीक दाखवू नको. बापूस येडो झालो म्हणतले."

"दाखवणार," मी म्हटलं. "तुम्ही इतके दिवस का नाही सांगितलं? एकदा तरी!"

मग बाबांनी रस्त्याकडे बघत मला पांडूची गोष्ट सांगितली. पांडू त्यांच्याच गावाकडचा, बाबांच्या हाताखालच्या दहा जवानांतला. बर्फातून चाल होती. पांडू म्हणाला, पाय दुखतात, बोटांना काही कळत नाही. "मी सगळ्यांसमोर तेका कामचोर म्हटलंय. नाटक बंद कर म्हटलंय. तो गप चलत रवलो. दोन दिवस. एक शब्द बोललो नाय. मगे बूट काढले तर पाय काळे." दोन्ही पावलं अर्धी कापावी लागली. त्यानंतर सहा महिन्यांनी बाबांची गाडी उलटली. "हॉस्पिटलात डॉक्टर विचारी, दुखता काय? मी खंयच्या तोंडान हो म्हणू, चेडवा?"

आम्ही गणपतीला, शिमग्याला गावी का जात नाही याचं कारण मला तेव्हा कळलं. पांडूचं घर गावच्या एसटी स्टॅण्डसमोरच होतं. पुढे दोनेक वर्षांनी बाबा एकटेच त्याला भेटून आले. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण येताना त्याच्या परसातला एक भलामोठा फणस घेऊन आले आणि आठवडाभर घरात दुसरं काही शिजलं नाही. आता माझेही गुडघे गेलेत. दुखायला लागलं की मी सुनेवर खेकसते, आणि खेकसून झालं की मला बसस्टॉपवरचे बाबा आठवतात. मग मी तिला हाक मारून सांगते, अगं, तुझं काही चुकलं नाही, माझं दुखतंय. सांगायला जड जातं. बाबांना किती जड गेलं असेल!

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा मामा येऊन बसले होते. खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर, तोंड उतरलेलं. आई मशीनला पाठ टेकून उभी. आमची पावलं वाजली तशी दोघांनी वर बघितलं, आणि मामा म्हणाले, "काय म्हणाले डॉक्टर?"

प्रश्न मला होता. मी बोलायला तोंड उघडलं, पण बाबांनी हात आडवा केला. ते दारातच उभे होते, चौकटीला धरून. मेव्हण्यासमोर बाबा कधी पाय लांब करून बसले नव्हते की कधी जांभईसुद्धा दिली नव्हती. खिशातून त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि मामांच्या हातात दिल्या.

"माका दुखता," बाबा म्हणाले. "कंबर दुखता. तेरा वर्षां झाली. आणि मन खंय लागना नाय. डॉक्टर म्हणतत, दोघांकय औषध आसा." मग माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणाले, "चेडवाचो हात माझ्यान मोडलो. तेच्यावर औषध नाय. तरीपण तुमी दोघी रवलात तर बरा होयत."

त्यांना लढाईत काय पदकं मिळाली ते मी शाळेत मैत्रिणींना मोजून दाखवलं होतं. पण माझा बाप शूर आहे हे मला त्या दुपारी कळलं.

आणि मग आई पेटली. आयुष्यात कधी जिचा आवाज दाराबाहेर गेला नव्हता ती आई. "तेरा वर्षां!" ती म्हणाली. "तेरा वर्षां माझ्या बाजूक निजतास आणि माका सांगूक तुमची जीभ झडली होती? मी कोण तुमची? शेजारीण? रोज कंबर शेकून दिली असती मी, रोज! बूट टेबलावर, केरसुणी खिळ्यार, आणि मी मेली लोकांक सांगत बसलंय, आमचे शिस्तीचे! चेडवाचो हात मोडूक होयो होतो काय माका कळाक?" दारं उघडली, सगळी चाळ गॅलरीत आली. आई थांबेना. तिनं कधीचं काय काय काढलं, बटणं, बादली, गावाला न गेलेले गणपती, सगळं. बाबा चौकट धरून उभे होते. मान खाली. ती दमेपर्यंत ते ऐकणार होते, हे दिसतच होतं, आणि त्यांचे पाय कापायला लागले होते.

तेव्हा मामा उठले. त्यांनी खुर्ची उचलून दाराशी आणली. "पुरे गो आता," ते बहिणीला म्हणाले, "तेंका उभ्यान त्रास होता." आणि बाबांच्या काखेत हात घातला. बाबांनी खुर्चीकडे बघितलं, मामांच्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि हळूहळू खाली बसले. बसताना त्यांच्या तोंडून "आई गे" असं मोठ्यानं निघालं. मी ते पहिल्यांदा ऐकलं. आईनंही पहिल्यांदाच ऐकलं असणार, कारण ती बोलायची थांबली आणि पाणी तापवायला गेली.

संध्याकाळी मामा एकटेच घाटकोपरला परत गेले.